सराटा, पतंगी, विसाचा: बहुबाजूंच्या फाशांची नावं, वाचन आणि पारख

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावात टिळकवाडीला दर रविवारी पाच जण जमून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पद्धतीचा, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन फाशांच्या जोरावर गोष्ट पुढे न्यायचा खेळ मांडतात. दोघांच्या घरी कन्नड, तिघांच्या घरी मराठी, नियमांचं पुस्तक इंग्रजी. सात फाशांचा एक सेट आहे. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. या फाशांना आणि त्यांच्याभोवतीच्या शब्दांना आपल्याकडे काय म्हणायचं? चार बाजूंचा फासा आणि दहा बाजूंचे दोन फासे नेमके कसे वाचायचे? आणि वीस बाजूंचा फासा ‘कायम खालचेच आकडे देतो’, तर तो खराब आहे का?

आधी नावं. गणिताच्या पुस्तकात चतुष्फलक, अष्टफलक, द्वादशफलक, विंशतिफलक अशी नावं असतात. आकार समजावून सांगायला ती चांगली आहेत, पण डाव रंगात आल्यावर ‘विंशतिफलक टाक’ असं कुणाच्या तोंडून निघत नाही. आपण नोटेला दहाची, विसाची, शंभराची म्हणतो. त्याच वळणाने चाराचा, सहाचा, आठाचा, दहाचा, बाराचा, विसाचा म्हटलं की नवख्यालाही समजवावं लागत नाही. कन्नडमध्ये हेच वळण जसंच्या तसं चालतं. फाशाला तिकडे दाळ म्हणतात, म्हणून विसाचा फासा तो इप्पत्तर दाळ, आठाचा तो एंटर दाळ. एकच रचना दोन्ही घरांत चालते, म्हणून मिश्र टेबलावर हीच नावं घ्यावीत असं माझं मत आहे.

पण तिथे एक अडचण आहे आणि ती कानाची आहे. सहाचा आणि दहाचा यांत एका अक्षराचा फरक. चाराचा आणि बाराचा यांतही तेवढाच. पाच जण एकदम बोलत असताना ‘दोन दहाचे टाक’ हे ‘दोन सहाचे टाक’ असं ऐकू येतं आणि चुकीचे फासे पडल्यावर वाद सुरू होतो. म्हणून या दोन जोड्यांतल्या एकेका फाशाला वेगळं नाव द्या. चाराच्या फाशाला ‘सराटा’ म्हणा. शेतातला सराटा कसाही पडला तरी त्याचा एक काटा वर राहतो, तसं या फाशाचं एक टोक नेहमी वर असतं, आणि अनवाणी पाय पडला तर दुखतंही तसंच. दहाच्या फाशाच्या बाजू पतंगाच्या आकाराच्या असतात, म्हणून तो ‘पतंगी’. सहाच्या फाशाला सगळे आधीपासून ‘लुडोचा’ म्हणतातच. दहा बाजूंचा दुसरा फासा दहं दाखवतो, तो ‘शेकड्याचा’. म्हणजे सेट असा झाला: सराटा, लुडोचा, आठाचा, पतंगी, शेकड्याचा, बाराचा, विसाचा. सातांपैकी कुठलीही दोन नावं ऐकताना एकमेकांत मिसळत नाहीत.

लिहिताना इंग्रजी पुस्तकातली खूण देवनागरीत तशीच ठेवावी: ३डी६+२. ‘डी’च्या आधीचा आकडा म्हणजे फासे किती, नंतरचा म्हणजे कितीचे, शेवटचा म्हणजे वरून किती मिळवायचे. वाचताना ‘तीन लुडोचे, भर दोन’. ‘तीन सक’ किंवा ‘सहा त्रिक’ असं पाढ्याच्या चालीवर वाचू नका, कारण ऐकणाऱ्याचं डोकं लगेच अठराकडे धावतं आणि इथे तर गुणाकार नाहीच.

फाशाच्या भोवतीचे शब्द शोधायला लांब जायची गरज नाही. सारीपाटात ते सगळे तयार आहेत, आणि आपल्या भागात कन्नड घरांतून पगडे म्हणून तोच खेळ चालतो. फासा ही वस्तू. फासा थांबल्यावर जो आकडा मिळतो ते दान. खेळाडूची खूण ती सोंगटी, चौकोनांचा नकाशा तो पट, एक चौकोन ते घर, आणि ज्याने टाकायचं त्याची पाळी. सारीपाटाचे लांबट फासे चारच बाजूंवर पडतात आणि त्यांवर १, २, ५, ६ असे ठिपके असतात. तीन फाशांवर ६, ६, १ पडले की ते पौबारा. म्हणजे तीन फाशांच्या एकत्र दानाला स्वतंत्र नाव देण्याची सवय आपल्याला जुनी आहे.

यातला सगळ्यात उपयोगी भेद दान आणि एकूण यांच्यातला. विसाच्या फाशावर १४ आले आणि पात्राच्या ताकदीमुळे ३ मिळवायचे असतील, तर दान १४, भर ३, एकूण १७. वजा करायचं असेल तर ती तूट. काही नियम दानावर चालतात, काही एकूणावर, आणि हे दोन शब्द वेगळे ठेवले नाहीत तर कुठला नियम कशावर लागतो हे कळतच नाही. भर न घालता फाशावर उघड दिसणाऱ्या २० ला मी ‘कोरं वीस’ म्हणतो, कोऱ्या चहातल्या कोऱ्यासारखं, वरून काही न मिसळलेलं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांत हल्ला करताना कोरं वीस पडलं की एकूण काहीही होवो, वार लागतोच. आणि कोरा एक पडला की चुकतोच. पण कुलूप उघडणं, भिंत चढणं अशा कसोट्यांना त्या नियमांत ही सवलत नाही. बरेच गट ती तिथेही देतात. द्यायची असेल तर जरूर द्या, फक्त डाव सुरू होण्याआधी तसं ठरवा.

दोनदा टाकून मोठं दान घ्यायची सवलत असते, ते ‘वरचं दान’. दोनदा टाकून लहान घ्यावं लागतं, ते ‘खालचं दान’. सगळ्यात मोठा आकडा पडला की आणखी एकदा टाकून त्याच बेरजेत मिळवायचं, असाही नियम काही खेळांत आहे. चौकाबाऱ्यात चार किंवा आठ पडल्यावर पुन्हा कवड्या टाकायला मिळतात, त्याचा हा जवळचा भाऊ. मात्र चौकाबाऱ्यात ते नवीन दान असतं आणि दुसऱ्या सोंगटीला चालवता येतं, इथे ते पहिल्याच दानाला चिकटतं. म्हणून याला ‘चढतं दान’ म्हणावं.

आता वाचन. सराट्याची वरची बाजू नसतेच, वर टोक असतं. त्याच्या प्रत्येक बाजूवर तीन आकडे छापलेले असतात आणि दोन तऱ्हा बाजारात मिळतात: एकीत आकडे टोकांजवळ, दुसरीत खालच्या कडेजवळ. दोन्हींना एकच नियम लागू पडतो. समोर दिसणाऱ्या तिन्ही बाजूंवर जो आकडा सारखा आणि सरळ उभा दिसतो, तेच दान. उरलेले आकडे तिरके दिसतील, त्यांच्याकडे बघू नका. सराटा घरंगळत नाही, घसरतो, म्हणून तो चिमटीत धरून खाली ठेवल्यासारखा टाकला तर जवळजवळ आहे तसाच बसतो. मुठीत खुळखुळवून वीतभर उंचीवरून सोडा, किंवा पेल्यात हलवून उपडा करा.

लुडोच्या, आठाच्या, बाराच्या आणि विसाच्या फाशाबद्दल फार सांगण्यासारखं नाही; वरची बाजू वाचायची. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज मात्र लक्षात ठेवा: लुडोच्यात ७, आठाच्यात ९, बाराच्यात १३, विसाच्यात २१. नवीन सेट हातात आला की हीच पहिली तपासणी. फासा फिरवत प्रत्येक जोडी जुळते का ते बघायचं, मिनिटभराचं काम. एखादा आकडा दोनदा छापला गेला असेल आणि दुसरा गायब असेल, तर तो इथेच सापडतो. ६ आणि ९ यांच्याखाली रेघ किंवा टिंब असलं पाहिजे, निदान पतंगी, बाराचा आणि विसाचा यांवर. नसेल तर बारीक मार्करने स्वतः टिंब द्या.

पतंगी फासा बाकीच्यांपेक्षा वेगळ्या कुळातला आहे. सगळ्या बाजू सारख्या नियमित बहुकोनाच्या आणि प्रत्येक टोकाशी बाजूंची संख्या सारखी, असे घनाकार पाचच होऊ शकतात: ४, ६, ८, १२ आणि २० बाजूंचे. दहाचा त्यांत बसत नाही. १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघालं तेव्हा त्याबरोबर हे पाचच वापरात होते. दहाचं दान हवं असेल तर विसाचा फासा टाकत, कारण त्या काळच्या विसाच्या फाशावर ० ते ९ आकडे दोनदा कोरलेले असत. १ ते २० हवे असतील तर दहा आकड्यांत एक रंग आणि उरलेल्या दहांत दुसरा रंग भरून घ्यायचा. पतंगी रूढ झाला १९८० च्या सुमारास. विसाचा आकार मात्र फार जुना आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात इजिप्तमधला, ग्रीक अक्षरं कोरलेला वीस बाजूंचा दगडी फासा आहे. त्याचा काळ इ.स.पू. दुसरं शतक ते इ.स. चौथं शतक असा धरतात.

पतंगीवर ० ते ९ आकडे असतात आणि समोरासमोरची बेरीज ९. तो एकटा टाकला तर ० म्हणजे १०. शेकड्याचा फासा त्याच आकाराचा, पण त्यावर ००, १०, २० असे ९० पर्यंत. दोन्ही एकत्र टाकायचे आणि मिळवायचे: ४० आणि ७ म्हणजे ४७, ०० आणि ७ म्हणजे ७, ९० आणि ० म्हणजे ९०, आणि ०० आणि ० म्हणजे १००. काही जण वेगळं वाचतात. त्यांच्याकडे पतंगीवरचं ० इथेही १०च, म्हणून ०० आणि ० म्हणजे १०, आणि ९० आणि ० म्हणजे १००. दोन्ही पद्धतींत १ ते १०० प्रत्येक आकडा बरोबर एकदाच येतो, त्यामुळे दोन्ही न्याय्य आहेत. एका टेबलावर दोन्ही चालू असल्या की घोटाळा होतो, कारण मग कुणी दोन्ही जोड्यांना १०० म्हणतो आणि ९० किंवा १० कधी येतच नाही.

शेकड्याचं दान मोठ्याने सांगताना मराठीची एक अडचण येते. आपण एकं आधी बोलतो आणि दहं नंतर: सत्तेचाळीस, एकोणसाठ, त्र्याहत्तर. फाशावर दहं मोठा दिसतो आणि डोळा आधी तोच वाचतो. कन्नडमध्ये दहं आधी येतं, सत्तेचाळीसला नलवत्तेळु, त्यामुळे त्या मित्रांना हा त्रास होत नाही. मराठी बोलणाऱ्याने ‘चाळीस आणि सात’ असं दोन फाशांचं वेगवेगळं म्हणावं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांतला गोंधळ तिथेच संपतो आणि लिहून घेणाऱ्यालाही सोपं जातं.

तिसऱ्या प्रश्नाकडे जाण्याआधी एक फासा आणि अनेक फासे यांतला फरक समजून घ्यावा लागेल, कारण ‘खालचेच आकडे येतात’ ही तक्रार बहुतेकदा इथून जन्मते. चौकाबाऱ्यात चार कवड्या टाकतो. प्रत्येक कवडी तोंड वर की खाली अशी सारख्याच शक्यतेने पडते असं क्षणभर धरा. खरी कवडी तशी पडत नाही, पण हिशोबापुरतं चालेल. मग १६ प्रकारांपैकी ६ प्रकारांत दोन पडतं, चारांत एक, चारांत तीन, आणि चार किंवा आठ फक्त एकेका प्रकारात. म्हणून मधली दानं सारखी येतात आणि आठ पडलं की घरभर आरडाओरडा होतो. तीन लुडोच्या फाशांचंही तसंच. २१६ प्रकारांपैकी १० येण्याचे २७ आणि ११ येण्याचेही २७, पण १८ येण्याचा फक्त एक.

विसाचा फासा असा मध्याकडे झुकत नाही. त्याच्यावर १, १० आणि २० या तिघांचीही शक्यता नेमकी ५ टक्के. लुडो आणि कवड्यांची सवय असलेल्या मनाला वाटतं की दहाच्या आसपास जास्त पडायला हवं आणि १, २, ३ क्वचित यायला हवेत. ते तितकेच वारंवार येतात आणि त्यांच्यामुळे डाव हातचा जातो, म्हणून लक्षात राहतात. आकडेच बघा: चांगला फासा २० वेळा टाकला तर एकदाही २० न येण्याची शक्यता जवळजवळ ३६ टक्के आहे. ४० वेळा टाकूनही सुमारे १३ टक्के. एका संध्याकाळी एक खेळाडू विसाचा फासा साधारण तेवढ्याच वेळा टाकतो, म्हणजे पाच जणांत एखाद-दुसऱ्याची रविवारची बैठक कोऱ्या विसाशिवाय जाणं अगदी स्वाभाविक आहे.

वरच्या दानाचा परिणामही यातूनच कळतो. ११ किंवा जास्त हवे असतील तर एका फाशाला शक्यता ५० टक्के, वरच्या दानाला ७५, खालच्याला २५. कोरं वीस ५ टक्क्यांवरून ९.७५ वर जातं आणि खालच्या दानात पाव टक्क्यावर येतं. सरासरी १०.५ ची अनुक्रमे १३.८ आणि ७.२ होते. नियमपुस्तकात ही सवलत एका ओळीची दिसते, पण तिची किंमत साधारण तीन गुणांच्या भरेहून जास्त आहे. पटावरच्या मोक्याच्या घरासाठी ती राखून ठेवावी.

टाकण्याची जागा आणि फाशाचा माल यांवरही बरंच अवलंबून असतं. बाजारातले बहुतेक फासे अ‍ॅक्रिलिकचे किंवा रेझिनचे. साच्यातून निघाल्यावर ते भरड पावडरीबरोबर पिंपात घुसळून गुळगुळीत करतात. त्यात कडा गोल होतात, आणि सगळीकडून माल सारखा झिजला नाही तर फासा किंचित लांबुळका होतो. हाताने ओतलेल्या टोकदार कडांच्या फाशांत ही घुसळण नसते, पण साच्याचा देठ जिथे तुटतो ती बाजू घासावी लागते आणि तीच जास्त घासली जाते. शहाबादी फरशीवर किंवा काचेच्या टेबलावर अ‍ॅक्रिलिकच्या कडांचे टवके उडतात. लाकडी पेटीचं झाकण घ्या, आत फेल्ट किंवा पातळ कॉर्क चिकटवा, कडा दोन बोटं उंच असू द्या. धातूच्या फाशांसाठी तर हे हवंच, नाहीतर टेबलाला खड्डे पडतात. लाकडी फासे दिसायला सुंदर असतात, पण खानापूरच्या बाजूचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. लाकूड ओल धरतं, आणि रेषांच्या दिशेपेक्षा आडव्या दिशेने जास्त फुगतं. जूनमध्ये नेमका असलेला फासा ऑगस्टमध्ये नेमका राहत नाही. ते शोकेसमध्ये शोभतात.

आकड्यांतला रंग उडाला असेल तर अ‍ॅक्रिलिक रंग काडीने खाचेत भरा, दोन मिनिटं थांबा, किंचित ओल्या फडक्याने वरचा रंग पुसा. दोन हात पुरतात. नेलपॉलिश काढायचं द्रव अजिबात वापरू नका. त्यातल्या अ‍ॅसिटोनने अ‍ॅक्रिलिक पांढुरकं पडतं आणि विरघळू लागतं. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलनेही बारीक भेगा पडू शकतात. साबणाचं कोमट पाणी पुरेसं आहे.

फासा पुस्तकाला किंवा पेटीच्या कडेला टेकून तिरका राहिला तर काय करायचं, हे आधीच ठरलेलं असावं. सोपी कसोटी: त्याच्या वरच्या बाजूवर दुसरा फासा ठेवून बघा. टिकला तर दान धरायचं, घसरला तर पुन्हा टाकायचं. खाली जमिनीवर गेलेला फासा धरायचा नाही असा नियम मी सुचवेन, कारण तिथलं दान सगळ्यांना दिसत नाही.

एखादा फासा हरवला तर खेळ थांबवू नका. विसाच्याऐवजी पतंगी आणि लुडोचा एकत्र टाका; लुडोच्यावर १ ते ३ आले तर पतंगीचं दान तसंच, ४ ते ६ आले तर त्यात १० मिळवायचे. पतंगीचं ० इथे १०च. सराट्याऐवजी आठाचा टाकून निम्मा करा, अर्धा आला तर पुढचा पूर्ण आकडा. बाराच्याऐवजी मात्र दोन लुडोचे कधीही चालत नाहीत, कारण त्यांत १ येऊच शकत नाही आणि ७ सारखा येतो. लुडोचे दोनच फासे असतील तर एकाचं दान घ्या आणि दुसऱ्यावर विषम आलं तर तसंच, सम आलं तर ६ मिळवा. काहीच नसेल तर हाउजीच्या पिशवीतल्या १ ते २० च्या सोंगट्या वेगळ्या काढा. एक उचलायची, वाचायची, परत टाकायची आणि पिशवी हलवायची. परत टाकायला विसरलात तर शक्यता बदलतात.

आता तुमचा विसाचा फासा. पहिल्यांदा २० च्या शेजारचे तीन आकडे बघा. नेहमीच्या फाशावर २० ला २, ८ आणि १४ चिकटलेले असतात, आणि १ ला ७, १३ आणि १९. जर २० च्या शेजारी १९ असेल आणि पुढे आकडे उतरत्या क्रमाने जात असतील, तर तो टाकायचा फासा नाहीच. पत्त्यांच्या खेळांत शिल्लक गुण दाखवण्यासाठी एकेक बाजू फिरवायचा तो मोजणीचा फासा आहे. त्याच्या एका अंगाला सगळे मोठे आकडे आणि दुसऱ्या अंगाला लहान, त्यामुळे वजनात थोडाही फरक असला की सरासरी एका बाजूला सरकते. अनेक जणांच्या ‘खराब’ फाशाचं निदान इथेच होतं.

नेहमीच्या मांडणीचा असेल तर दुसरी पायरी मापाची. उद्यमबागेतल्या कारखान्यांत काम करणारं ओळखीचं कुणी असेल तर ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणारा वर्निअर कॅलिपर सहज मिळेल. समोरासमोरच्या दहाही जोड्यांमधलं अंतर मोजा, जबडे आकड्याच्या खाचेवर न ठेवता सपाट भागावर ठेवून. ०.१ मिलिमीटरपर्यंतचा फरक सोडून द्या, ०.३ च्या पुढे गेला तर फासा लांबुळका आहे असं समजा. ज्या जोडीतलं अंतर कमी, त्या दोन बाजू जास्त वेळा येतात, नाणं जसं कडेवर न राहता सपाट पडतं तसं. पण लक्षात घ्या, प्रत्येक जोडीची बेरीज २१ आहे. २० ची बाजू जास्त येऊ लागली तर तिच्यासमोरचा १ ही तेवढाच जास्त येतो. म्हणून नुसत्या लांबुळक्या फाशाची सरासरी बदलत नाही, फक्त काही आकडे वारंवार आणि काही क्वचित येऊ लागतात.

खालचेच आकडे यायला वजन एकीकडे झुकलेलं हवं, म्हणजे आत हवेचा बुडबुडा हवा. त्याची परीक्षा मिठाच्या पाण्यात होते. २०० मिलिलिटर गरम पाण्यात ७० ते ७५ ग्रॅम मीठ ढवळून विरघळवा. तळाशी थोडं न विरघळता राहिलं की पाणी पुरेसं जड झालं. अशा पाण्याची घनता साधारण १.२ आणि अ‍ॅक्रिलिकची १.१८, त्यामुळे फासा जेमतेम तरंगतो. बुडाला तर त्याचा माल जड आहे. मग खतांच्या दुकानात पिकाला द्यायचं मॅग्नेशियम सल्फेट मिळतं ते घ्या, पाणी याहून बरंच जड करता येतं. पाणी निवू द्या आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर आकड्यांच्या खाचांत हवेचे फुगे अडकून खोटं उत्तर देतात. फासा बोटाने ढकलून गरागरा फिरवा आणि थांबल्यावर वर कुठला आकडा आहे ते लिहा, असं दहा वेळा. दरवेळी वेगळे आकडे आले तर प्रश्न मिटला. दरवेळी एकच आकडा किंवा त्याचे शेजारी वर आले तर त्या बाजूखाली पोकळी आहे. शेवटी साध्या पाण्याने धुऊन पुसा.

ही परीक्षा फार हळवी आहे. पाण्यात लगेच दिसणारा झुकाव पेटीत टाकताना जाणवेलच असं नाही. शिवाय मांडणीचं शहाणपण बघा: बुडबुडा १ च्या खाली असला आणि १ बरोबर त्याचे शेजारी ७, १३, १९ जास्त येऊ लागले, तरी त्या चौघांची सरासरी १० येते. २० आणि त्याच्या शेजाऱ्यांची ११. मोठ्याशेजारी लहान आकडे ठेवण्यामागचं कारण हेच आहे.

शेवटचा निकाल टाकूनच लागतो. ४०० वेळा टाका. दोघे जण असले, एक टाकणारा आणि एक रेघा ओढणारा, तर तासाभरात होतं. प्रत्येक आकडा सरासरी २० वेळा यायला हवा. चांगल्या फाशावरही एखादा १२ वेळा आणि दुसरा २८ वेळा येणं नेहमीचं आहे. प्रत्येक आकड्याचा २० पासूनचा फरक काढा, त्याचा वर्ग करा, वीसही वर्ग मिळवा. बेरीज ६०३ च्या आत असेल तर फाशाविरुद्ध पुरावा नाही. लुडोच्या फाशासाठी हेच १२० वेळा टाकून करता येतं, तिथली मर्यादा २२१. अगदी निर्दोष फासाही वीसात एकदा ही मर्यादा ओलांडतो, म्हणून ओलांडली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ४०० वेळा टाका. दुसऱ्यांदाही ओलांडली, आणि त्याच आकड्यांनी ओलांडली, तर तो फासा टाकण्यासाठी वापरू नका. सोंगटीचे उरलेले प्राण दाखवायला पटाच्या कडेला ठेवा आणि विसाचा दुसरा घ्या. घेताना दोन घ्या, वरचं आणि खालचं दान एकाच फेकीत होतं.